नेटवर्क्स आणि सिक्युरिटी: पेपर विद्यापीठाचा, लॅब आपल्या लॅपटॉपवर

पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला 'कॉम्प्युटर नेटवर्क्स अँड सिक्युरिटी' असा एकच विषय आहे. मुंबई विद्यापीठाने तोच मजकूर दोन सत्रांत वाटला: पाचव्यात कॉम्प्युटर नेटवर्क, सहाव्यात क्रिप्टोग्राफी अँड सिस्टिम सिक्युरिटी. बीएस्सी आयटी, बीसीए, एमसीए अशा अभ्यासक्रमांत नाव आणि क्रम बदलतो, आतला माल साधारण तोच राहतो. अडचणही सगळीकडे तीच. नेटवर्कच्या सात थरांची आकृती काढून पेपरात मार्क मिळतात, पण लॅबमध्ये शेजारशेजारची दोन मशिनं एकमेकांना पिंग (पोहोचतंय का ते तपासणारा छोटा संदेश) का करत नाहीत हे सांगता येत नाही.

त्यावर उपाय एकच, पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा, स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. त्यासाठी महागडं सामान लागत नाही. पुढच्या पायऱ्या एका सत्रात, आठवड्याला चार-पाच तास देऊन जमण्यासारख्या आहेत. आज्ञा आणि फिल्टर इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायचे.

सिक्युरिटी शेवटच्या युनिटला येते म्हणून शेवटी सुरू करू नका. प्रत्येक प्रोटोकॉल शिकताना वहीच्या समासात एक प्रश्न लिहायचा: इथे कोण कोणावर न विचारता विश्वास ठेवतोय? एआरपीमध्ये (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता, शोधणारा प्रोटोकॉल) 'हा आयपी माझा' असं जो म्हणेल त्याचं ऐकलं जातं. मशिनांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीमध्ये सहसा ज्याचं उत्तर आधी येतं तो सर्व्हर. ईमेलच्या मूळ एसएमटीपीमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता पाठवणारा स्वतःच लिहितो आणि तो कुणी तपासत नाही. अर्धी सिक्युरिटी या प्रश्नाच्या उत्तरातच सापडते, उरलेली अर्धी गणितात.

सामान

८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो, १६ असेल तर सुखाचं. ६० जीबी जागा मोकळी ठेवा. लागणारी सॉफ्टवेअरं फुकट आहेत: सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचं पॅकेट ट्रेसर (नेटवर्कचा सिम्युलेटर, खातं उघडून लॉगिन करावं लागतं), वायरशार्क (पॅकेट पकडून दाखवणारं), व्हर्च्युअलबॉक्स (लॅपटॉपमध्येच दुसरा, व्हर्च्युअल संगणक चालवणारं) आणि पायथॉन.

व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नसेल तर बहुतेक वेळा बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असतं. इंटेलच्या मशीनवर ते व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम नावाने सापडतं. ते चालू असूनही मशीन कासवगतीने चालत असेल, तर विंडोजचं हायपर-व्ही किंवा 'मेमरी इंटिग्रिटी' आड येत आहे का ते बघा. अ‍ॅपलच्या एम मालिकेतल्या मॅकवर इंटेलसाठी बनवलेली तयार मशिनं थेट चालत नाहीत. तिथे यूटीएम (मॅकवर व्हर्च्युअल मशीन चालवणारं) वापरून एआरएमची काली लिनक्स (सिक्युरिटीच्या सरावाची लिनक्स) घ्यावी आणि जुनी सराव-मशिनं एम्युलेशनवर हळू चालतील हे धरून चालावं. ग्रुपमधल्या कुणाकडे इंटेलचा लॅपटॉप असेल तर सिक्युरिटीची लॅब त्यावर मांडणं जास्त शहाणपणाचं.

पायरी पहिली: पत्ते आणि सबनेटिंग

सबनेटिंग म्हणजे एका नेटवर्कचे लहान तुकडे पाडणं. इथे घाई केली तर पुढचं सगळं डळमळतं. आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा. '/२६' याचा अर्थ पहिले २६ बिट नेटवर्कचे, उरलेले ६ मशिनांचे. म्हणजे ६४ पत्ते, त्यातला पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, हाती राहिले ६२. हे तोंडपाठ करण्यापेक्षा एक खरं वाटणारं गणित सोडवा.

कॉलेजला १९२.१६८.१०.०/२४ मिळालं आहे. लॅबमध्ये ६० मशिनं, ऑफिसात २५, स्टाफरूममध्ये १०, आणि राउटर-राउटर जोडणाऱ्या दोन लिंक. नियम एवढाच, मोठी मागणी आधी.

१. लॅब: /२६, म्हणजे .० ते .६३
२. ऑफिस: /२७, ३० मशिनं मावतात, .६४ ते .९५
३. स्टाफरूम: /२८, १४ मशिनं, .९६ ते .१११
४. पहिली लिंक: /३०, .११२ ते .११५
५. दुसरी लिंक: /३०, .११६ ते .११९

.१२० पासून पुढचं सगळं शिल्लक. आता हेच लहानापासून करून बघा. स्टाफरूमला .० ते .१५ दिलं, तर ऑफिसचं /२७ हे .१६ पासून सुरू करता येत नाही, कारण ३२ पत्त्यांचा तुकडा ३२ च्या पटीतच सुरू होतो. ते .३२ वर जातं, लॅबचं /२६ .६४ वर, आणि .१६ ते .३१ मधेच अडकून पडतं. पेपरात या चुकीचे मार्क जातात, कारण विद्यार्थी फक्त संख्या मोजतात आणि सुरुवात कुठून होते ते तपासत नाहीत.

चुकीचा मास्क (तो '/' नंतरचा आकडा) दिला की काय होतं तेही मुद्दाम करून पाहा. लॅबमधल्या एका पीसीला /२६ ऐवजी /२४ द्या. त्याला आता ऑफिसमधला .७० हा आपल्याच वाड्यातला वाटतो. तो गेटवेकडे, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरकडे, जात नाही, थेट एआरपीची हाक मारतो, आणि पलीकडून 'ओ' येत नाही. लॅबमधल्या लॅबमध्ये मात्र सगळं सुरळीत चालतं, म्हणून दोष लवकर सापडत नाही. वर काही राउटर प्रॉक्सी एआरपीने दुसऱ्याच्या वतीने उत्तर देतात आणि चूक झाकून टाकतात. मग कुणीतरी ती सोय बंद केली की महिन्यांपूर्वीची चूक वर येते.

सबनेटिंगचा संबंध सिक्युरिटीशी काय? २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी एक मार्ग जाहीर केला आणि तो चुकून जगभर पसरला. यूट्यूबचा स्वतःचा मार्ग होता २०८.६५.१५२.०/२२, पाकिस्तानकडून गेला २०८.६५.१५३.०/२४. राउटर नेहमी जास्त नेमका, म्हणजे लांब प्रीफिक्सचा मार्ग निवडतो. बीजीपीत, म्हणजे मोठी नेटवर्कं एकमेकांना मार्ग सांगतात त्या प्रोटोकॉलमध्ये, शेजाऱ्याने सांगितलेल्यावर विश्वास ठेवण्याची रीत, म्हणून यूट्यूबची वाहतूक तिकडे वळली आणि दोनेक तास यूट्यूब बंद पडलं. 'लाँगेस्ट प्रीफिक्स मॅच' ही व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे उदाहरण व्हायवात सांगा, एक्सटर्नल पुढचा प्रश्न जरा प्रेमाने विचारतात.

पायरी दुसरी: पॅकेट ट्रेसरमध्ये एक छोटं कॉलेज

एक २९११ राउटर, दोन २९६० स्विच, चार पीसी. व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर वेगळी पाडलेली नेटवर्कं: व्हीलॅन १० विद्यार्थ्यांना, व्हीलॅन २० ऑफिसला. दोन्ही स्विच ट्रंकने (सगळ्या व्हीलॅनची वाहतूक नेणाऱ्या जोडणीने) जोडा, राउटरला एकच केबल द्या आणि तिच्यावर दोन सब-इंटरफेस करा. 'राउटर ऑन अ स्टिक' म्हणतात ते हेच.

पहिल्या तासात हमखास होणारे घोळ असे.

राउटरचे पोर्ट मुळात बंद असतात, 'नो शटडाउन' दिल्याशिवाय चालू होत नाहीत. स्विचचे पोर्ट मुळात चालू असतात. सब-इंटरफेसला आयपी देण्याआधी 'एनकॅप्सुलेशन डॉट१क्यू १०' द्यावं लागतं, क्रम उलटा केला तर राउटर आयपी स्वीकारतच नाही. केबल जोडल्यावर स्विचचा दिवा अर्धा मिनिट नारिंगी दिसतो: स्पॅनिंग ट्री (स्विचांमधली वर्तुळं टाळणारा प्रोटोकॉल) १५ सेकंद ऐकतं, १५ सेकंद शिकतं, मग वाट मोकळी करतं. तेवढ्यात केबल बदलत बसू नका, प्रत्येक वेळी घड्याळ नव्याने सुरू होतं. आणि नव्या पत्त्याला पिंग केल्यावर चारपैकी पहिलं हरवलं तर दचकू नका, तेवढ्या वेळात एआरपी चालू होतं.

दोन्ही पीसी एकाच व्हीलॅनमध्ये पण वेगवेगळ्या स्विचवर असताना बोलत नसतील, तर ट्रंकच्या दोन्ही टोकांना 'शो इंटरफेसेस ट्रंक' देऊन १० आणि २० दोन्ही यादीत आहेत का ते पाहा. एका स्विचवर व्हीलॅन बनवायचंच राहून गेलेलं असतं.

काम झाल्यावर 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' द्यायला विसरलं की सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं पुन्हा करावं लागतं. फाइल सेव्ह करणं आणि राउटरचं कॉन्फिगरेशन सेव्ह करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे चाललं की विद्यार्थ्यांच्या व्हीलॅनमधून ऑफिसच्या व्हीलॅनकडे जाणारी वाट एसीएलने (राउटरवरच्या परवानगीच्या यादीने) बंद करा, फक्त एका सर्व्हरचं पोर्ट ४४३ उघडं ठेवा. इथे कळतं की एसीएलच्या तळाशी न लिहिलेला 'डिनाय एनी' असतो. एकच 'डिनाय' ओळ लिहून कुठलीही 'परमिट' लिहिली नाही, तर सगळंच बंद होतं. ओळी वरून खाली तपासल्या जातात आणि पहिली जुळली की पुढे कुणी बघत नाही. म्हणून नेमक्या ओळी वर, ढोबळ खाली.

पायरी तिसरी: बिघाड शोधण्याचा क्रम

नेट चालत नाही म्हटल्यावर बहुतेक जण राउटर बंद-चालू करतात. अभ्यासासाठी ते वाईट, कारण दोष गेला तरी कशाने गेला ते कळत नाही. त्यापेक्षा खालून वर जा.

१. 'आयपीकॉन्फिग' देऊन स्वतःचा पत्ता पाहा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून उत्तर आलेलं नाही. केबल, वायफाय किंवा चुकीचं व्हीलॅन.
२. गेटवेला पिंग करा. जात नसेल तर 'एआरपी -ए' देऊन गेटवेचा मॅक पत्ता दिसतो का ते पाहा. मॅक दिसतोय पण पिंग नाही, म्हणजे केबल ठीक, कुणीतरी आयसीएमपी (पिंग ज्यावर चालतं तो प्रोटोकॉल) अडवतंय.
३. बाहेरच्या आयपीला पिंग करा, उदाहरणार्थ ८.८.८.८.
४. आता नावाने करा. तिसरं जमतंय आणि चौथं नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या सेवेचा.

संदेशही नीट वाचा. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आपल्याच मशीनकडून आला तर एआरपीला उत्तर नाही. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणजे पॅकेट निघालं, परत काही आलं नाही. आणि दोन विंडोज लॅपटॉप एकमेकांना पिंग करत नाहीत याचं कारण दहापैकी नऊ वेळा विंडोजचीच फायरवॉल असते, ती बाहेरून आलेलं पिंग मुळातच अडवते.

पायरी चौथी: वायरशार्क

विंडोजवर वायरशार्कबरोबर एनपीकॅप बसवावं लागतं, नाहीतर इंटरफेसची यादी रिकामी दिसते. लिनक्सवर स्वतःला 'वायरशार्क' ग्रुपमध्ये घालून एकदा लॉगआउट करा. रूट म्हणून चालवायची सवय लावू नका.

पहिला प्रयोग: 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' देऊन जुनी नावं पुसा, कॅप्चर सुरू करा, आणि साध्या एचटीटीपीवर चालणारी एखादी साइट उघडा, नेव्हरएसएसएल डॉट कॉम याच कामासाठी आहे. मग थांबवा. आता वहीत चार गोष्टी नोंदवा: यूडीपी ५३ वर गेलेला डीएनएसचा प्रश्न, त्याचं उत्तर, सिन – सिन-अ‍ॅक – अ‍ॅक हे टीसीपी हँडशेकचे तीन पॅकेट, आणि त्यानंतरचं 'गेट'. प्रत्येकाच्या हेडरची लांबी लिहा: टीसीपीचं कमीत कमी २० बाइट, यूडीपीचं ८, आयपीचं २०. इथरनेटच्या १५०० मधून आयपी आणि टीसीपीचे वीस-वीस गेले की १४६० उरतात, आणि सिन पॅकेटमध्ये एमएसएस (एका तुकड्यात मावणारा सर्वाधिक मजकूर) म्हणून बहुधा हाच आकडा दिसतो.

पुस्तकात लिहिलेलं पडद्यावर दिसलं नाही की नवखे गोंधळतात. नेहमीची कारणं इथे एकदाच सांगून टाकू.

डीएनएसचा प्रश्नच दिसत नाही: ब्राउझर डीएनएस एचटीटीपीएसवरून विचारतोय, सेटिंगमध्ये ते तात्पुरतं बंद करा. मोठ्या साइटला टीसीपी हँडशेकच नाही: ती क्विकवर, म्हणजे यूडीपी ४४३ वर बोलतेय. सिक्वेन्स नंबर शून्यापासून सुरू होतो: वायरशार्क सोयीसाठी सापेक्ष आकडा दाखवतं, खरा आकडा यादृच्छिक आणि मोठा असतो, 'प्रेफरन्सेस'मध्ये जाऊन तो पर्याय काढला की दिसतो. पाठवलेल्या पॅकेटांवर 'चेकसम चुकीचा' असा शेरा येतो: चेकसम नेटवर्क कार्ड भरतं, वायरशार्कने पॅकेट त्याआधीच पाहिलेलं असतं. १५०० पेक्षा मोठं पॅकेट दिसतं: तेही कार्डाचंच काम, तुकडे नंतर पाडले जातात.

दुसरा प्रयोग एचटीटीपीएसचा. एचटीटीपीएसला गुप्तता देणाऱ्या टीएलएसच्या पहिल्याच 'क्लायंट हेलो'मध्ये तुम्ही कुठल्या साइटवर जाताय ते नाव बहुतेक वेळा उघडं दिसतं. 'कुलूप दिसलं म्हणजे कुणालाच काही कळत नाही' हा समज इथे जातो. सर्टिफिकेट पाहायचं असेल तर टीएलएस १.२ ची जोडणी शोधा, २०१८ मध्ये आलेल्या १.३ मध्ये सर्टिफिकेटही गुप्त जातं. स्वतःच्या ब्राउझरची वाहतूक उलगडायची असेल तर 'एसएसएलकीलॉगफाइल' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून किल्ल्यांची फाइल वायरशार्कला द्या. काम झालं की ते व्हेरिएबल काढा आणि ती फाइल पुसा. ती ज्याच्या हाती जाईल त्याला ते संभाषण वाचता येतं.

कॅप्चर फक्त आपल्या मशीनचं. हॉस्टेलच्या वायफायवर 'बघू या कोण काय करतंय' हा उद्योग करू नका, कारण पुढे येतंच.

सॉकेट प्रोग्राम, थोडक्यात

पायथॉनमध्ये टीसीपीचा क्लायंट आणि सर्व्हर वीस ओळींत होतो, म्हणून तो सोपा वाटतो. तीन ठिकाणी अडखळायला होतं. सर्व्हर १२७.०.०.१ वर बांधला तर मित्राच्या लॅपटॉपवरून तो सापडणार नाही, त्यासाठी ०.०.०.० किंवा स्वतःचा लॅनचा पत्ता. सर्व्हर बंद करून लगेच सुरू केला की 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' येतं, कारण जुनी जोडणी टाइम-वेटमध्ये असते, 'एसओ_रीयूजअ‍ॅड्र' लावा. आणि 'रिसीव्ह १०२४' म्हणजे एक पूर्ण संदेश, हा समज सोडा. टीसीपी बाइटांचा प्रवाह देतं, संदेश कुठे संपतो हे त्याला माहीत नसतं. आधी चार बाइटांत लांबी पाठवा, मग मजकूर. लॅबमध्ये सगळं एकाच मशीनवर चालतं तोवर हा दोष लपून राहतो, मोठी फाइल पाठवली की उघडा पडतो.

पायरी पाचवी: गणित हाताने

आरएसए (दोन किल्ल्यांची गुप्तलेखन पद्धत) कॅल्क्युलेटर न वापरता एकदा करा. पी = ५, क्यू = ११. एन = ५५, फाय = (पी − १) × (क्यू − १) = ४ × १० = ४०. ई = ३ घेतला; डी असा हवा की ३ × डी ला ४० ने भागल्यावर बाकी १ उरेल, म्हणून डी = २७. संदेश ९ घ्या: ९ चा घन ७२९, ५५ ने भागून बाकी १४. हा झाला गुप्त संदेश. उलगडायला १४ चा २७ वा घात हवा, तो थेट काढू नका, वर्ग करत जा: १४ चा वर्ग ३१, त्याचा २६, त्याचा १६, त्याचा ३६ (सगळं ५५ च्या बाकीत). २७ = १६ + ८ + २ + १, म्हणून ३६ × १६ × ३१ × १४, बाकी ९. संदेश परत मिळाला. परीक्षेत चूक होते ती डी काढताना ४० ऐवजी ५५ वापरल्याने.

गणितापेक्षा जास्त गोंधळ शब्दांचा होतो. हॅश, म्हणजे मजकुरापासून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा, उलगडता येत नाही, आणि एमडी५ हा हॅश आता कच्चा ठरला आहे, म्हणून 'पासवर्ड एमडी५ ने एनक्रिप्ट केला' हे वाक्य दोनदा चुकीचं आहे. बेस६४ हे फक्त लिहिण्याचं रूप आहे, त्यात गुप्त काही नाही. डेस या जुन्या गुप्तलेखन पद्धतीची किल्ली ५६ बिटांची, ती आता सगळ्या शक्यता तपासून फोडता येते. तिच्या जागी आलेलं एईएस २००१ पासून प्रमाण आहे. एसएचए-१ हा हॅश दोन वेगवेगळ्या मजकुरांना एकच येतो याचं उदाहरण २०१७ मध्ये प्रत्यक्ष दाखवलं गेलं. पण एईएस वापरूनही ईसीबी पद्धत (प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे गुप्त करणारी) निवडली तर सारखे तुकडे सारखेच दिसतात आणि चित्राचा आकार ओळखू येतो. प्रकल्पांमध्ये हे सतत दिसतं, कारण काही लायब्ररींत मोड न सांगता गुपचूप ईसीबी मिळतं.

स्वतःचं सर्टिफिकेट ओपनएसएसएलने बनवाल तेव्हा साइटचं नाव 'सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम'मध्येही टाका. फक्त 'कॉमन नेम'मध्ये टाकलेलं नाव क्रोम २०१७ पासून मानत नाही, आणि जुन्या प्रॅक्टिकलच्या झेरॉक्समध्ये नेमकी तीच पायरी नसते.

पायरी सहावी: हल्ल्याची लॅब, बंद दाराआड

व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन मशिनं: काली लिनक्सला २ जीबी रॅम, मुद्दाम कच्चं ठेवलेल्या मेटास्प्लॉइटेबल २ ला ५१२ एमबी ते १ जीबी. डाउनलोड केलेल्या कालीच्या फाइलचा एसएचए-२५६ हॅश संकेतस्थळावरच्या हॅशशी जुळवा. हॅशचं युनिट नुकतंच झालंय, तो उपयोगात आणायची ही पहिली जागा.

नेटवर्क 'होस्ट-ओन्ली' ठेवा. साधारणपणे १९२.१६८.५६ ने सुरू होणारे पत्ते मिळतात. नवख्यांची ठरलेली चूक अशी की दोन्ही मशिनं मूळच्या 'नॅट'वर राहतात, दोघांनाही १०.०.२.१५ हाच पत्ता मिळतो आणि ती एकमेकांना दिसत नाहीत. त्यावर वैतागून काही जण 'ब्रिज्ड' निवडतात. ते करू नका. मेटास्प्लॉइटेबल मग थेट घराच्या किंवा हॉस्टेलच्या नेटवर्कवर उघडं पडतं, आणि त्याचा पासवर्ड साऱ्या जगाला माहीत आहे. कालीला अपडेटसाठी नॅटचं दुसरं कार्ड द्या आणि प्रयोगाच्या वेळी ते काढा. सुरू करण्याआधी दोन्हींचा स्नॅपशॉट घ्या.

मग हे प्रयोग, वायरशार्क चालू ठेवून:

एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या टूलने सिन स्कॅन करा. उघड्या पोर्टकडून सिन-अ‍ॅक येतं आणि काली लगेच रीसेट पाठवते. बंद पोर्टकडून रीसेट येतं. फायरवॉलने गिळलेलं असेल तर काहीच येत नाही. एनमॅपच्या 'ओपन, क्लोज्ड, फिल्टर्ड' या शब्दांमागे एवढंच आहे.

टेलनेटने लॉगिन करा आणि 'फॉलो टीसीपी स्ट्रीम' निवडा. पासवर्ड जसाच्या तसा वाचता येतो. तेच एसएसएचने करून फरक पाहा.

कालीवरून एआरपीची खोटी उत्तरं पाठवून मेटास्प्लॉइटेबलची एआरपी यादी बदलते का ते बघा. समासातल्या प्रश्नाचं हे प्रत्यक्ष उत्तर. त्याचा उपाय स्विचवर असतो: डीएचसीपी स्नूपिंग (कुणाला कुठला पत्ता दिला याची नोंद) आणि त्याच्या आधाराने डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन.

शेवटी एका लिनक्स मशीनवर फायरवॉल लावा. एसएसएचने जोडलेले असताना आधी 'सगळं बंद' दिलं तर स्वतःच बाहेर राहता, म्हणून आधी पोर्ट २२ उघडा. आणि आयसीएमपी सरसकट अडवू नका, त्यातल्या एका संदेशावर पाथ एमटीयू (वाटेत मावणारं सर्वांत मोठं पॅकेट) ठरतो. तो अडला की लहान पानं उघडतात, मोठी लटकतात, आणि दोष कुठे आहे ते शोधताना दिवस जातो.

या सगळ्याचा मोठ्या प्रमाणावरचा परिणाम पाहायचा तर लांब जायला नको. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ११ आणि १३ तारखेला मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमचा व्यवहार मंजूर करायचा की नाही हे ठरवणारा जो स्विच असतो (हा पैशांच्या व्यवहाराचा, आपला २९६० नव्हे), त्याला बाजूला सारून खोटा स्विच उभा केला गेला आणि तो 'मंजूर' म्हणत राहिला. त्यातले बहुतेक पैसे २८ देशांतल्या एटीएममधून निघाले. पुन्हा तोच प्रश्न: उत्तर कुणाकडून आलं हे तपासलं कुणी?

कायद्याची रेघ

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरण्याबद्दल आहे. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम ७० खालच्या संरक्षित प्रणालींना हात लावला तर दहा वर्षांपर्यंत. 'मी फक्त शिकत होतो' हे पटवून देण्याची वेळच येऊ देऊ नका. सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, सर्ट-इनच्या, एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी ठरावीक घटना सहा तासांत कळवायच्या असतात आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. त्या यादीत महत्त्वाच्या नेटवर्कचं हेतुपुरस्सर स्कॅनिंगही आहे. कॉलेजच्या लॅनवर काही करायचं असेल तर विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्या, त्यात मशिनांचे पत्ते, तारीख आणि वेळ लिहून घ्या. सरांनी तोंडी 'हो' म्हटलं याला कागदावर काही अर्थ नाही. बग बाउंटीतही (दोष शोधून बक्षीस मिळवण्याच्या योजनेत) कंपनीने दिलेली हद्द आधी वाचायची, मग टूल उघडायचं.

प्रमाणपत्रं आणि परीक्षा

गेटच्या संगणकशास्त्राच्या पेपरात नेटवर्क्स आहे, क्रिप्टोग्राफी २०२१ पासून नाही. गेटसाठी अभ्यास करणाऱ्यांनी वेळ सबनेटिंग, टीसीपीचं कंजेशन कंट्रोल आणि राउटिंगवर द्यावा. एनपीटीईएलवर नेटवर्क्स आणि क्रिप्टोग्राफी दोन्हींची आयआयटी खरगपूरची व्याख्यानं फुकट आहेत. प्रमाणपत्र हवं तर शुल्क भरून परीक्षा द्यायची, त्यात २५ टक्के गुण असाइनमेंटचे आणि ७५ टक्के परीक्षेचे.

सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंगचं) आणि सिक्युरिटी प्लस (कॉम्पटियाचं) या दोन्ही प्रमाणपत्रांची मुदत तीन वर्षांची. दुसऱ्या वर्षाला हौसेने दिली तर नोकरीला लागेपर्यंत निम्मी मुदत सरते, आणि फी डॉलरमध्ये असते. अभ्यास आत्ता करा, परीक्षा शेवटच्या वर्षाला द्या. नेटवर्क कच्चं असताना हॅकिंगचं प्रमाणपत्र घेणाऱ्यांना मुलाखतीत पहिला प्रश्न एआरपीचाच येतो. ओएससीपी या हॅकिंगच्या प्रमाणपत्राची परीक्षा जवळपास २४ तासांची आणि पूर्ण प्रात्यक्षिक असते, ती पदवीनंतर.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प

'मशीन लर्निंगने घुसखोरी ओळखणे' हा विषय दर वर्षी येतो, आणि डेटा बहुतेक वेळा केडीडी कप ९९ चा किंवा त्याची सुधारित एनएसएल-केडीडी आवृत्ती. मूळ वाहतूक १९९८ सालच्या प्रयोगातली आहे. तिच्यावर ९९ टक्के अचूकता आली तरी आजच्या नेटवर्कबद्दल त्यातून फारसं काही कळत नाही, आणि जाणकार एक्सटर्नल नेमकं तेच विचारतात.

त्यापेक्षा सहाव्या पायरीच्या लॅबमध्येच सुरिकाटा (घुसखोरी ओळखणारं सॉफ्टवेअर) बसवा. एनमॅपचे तीन प्रकारचे स्कॅन, एसएसएचवर पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न आणि एआरपीची खोटी उत्तरं असे प्रसंग घडवा, प्रत्येकाची कॅप्चर फाइल जपून ठेवा. कुठल्या नियमाने काय पकडलं, काय निसटलं, आणि दिवसभर नुसतं ब्राउझिंग केल्यावर किती खोट्या घंटा वाजल्या याचा तक्ता करा. एआरपीचा प्रसंग सुरिकाटातून बहुधा निसटेल, कारण त्याचे नियम मुख्यतः आयपी आणि त्यावरच्या थरांसाठी लिहिलेले असतात. त्यासाठी आर्पवॉच (एआरपीवर नजर ठेवणारं) शेजारी चालवा आणि हा फरक अहवालात स्वतंत्र प्रकरण म्हणून लिहा. सादरीकरणाच्या दिवशी कॉलेजच्या वायफायवर अवलंबून राहू नका, सगळं होस्ट-ओन्लीवर चालतं हे आदल्या दिवशी इंटरनेट बंद करून एकदा तपासा.